जुनी चित्रकथा पडद्यावर आणताना: टूडी की थ्रीडी, याच्या आधीचे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. 80च्या दशकात एका मराठी बालमासिकात दरमहा चार पानांची चित्रकथा यायची. साधारण 90 भाग आले, मग मासिक बंद पडलं. लेखक आणि चित्रकार वेगळे होते, त्यातले चित्रकार आता हयात नाहीत. विचारणाऱ्यांचा सहा-सात जणांचा स्टुडिओ आहे, जाहिराती आणि बालगीतं करतात, आणि लहानपणी पारायणं केलेल्या या मालिकेवर त्यांना 85 मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करायचा आहे. विचारलंय एवढंच: चित्रं हुबेहूब ठेवून टूडी करावं, की आजच्या मुलांसाठी थ्रीडी?

सरळ उत्तर आधी देतो. टूडी करा, कट-आउट पद्धतीनं (म्हणजे पात्राचे डोकं, हात, पाय असे सुटे तुकडे एकदा काढून तेच हलवायचे), आणि मोजकी दृश्यं पूर्ण हातानं काढा. सहा-सात माणसांत दुसरं काही झेपणार नाही. पण खरी अडचण ‘हुबेहूब’ या शब्दात आहे.

छापील चित्रकथा अर्धी वाचकानं केलेली असते. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत पात्र किती वेळ थांबलं, पायऱ्या कशी उतरलं, त्याचा आवाज चिरका की घोगरा, हे सगळं दहा वर्षांच्या वाचकानं मनातच भरून घेतलं, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षांत ते पक्कं होऊन बसलं. चित्रपटात ते सगळं तुम्हाला भरून द्यावं लागतं, आणि ते प्रत्येकाच्या मनातल्याशी जुळणं शक्य नाही. ‘आमचा तो असा नव्हता’ ही तक्रार बहुतेक वेळा चित्राबद्दल नसते. चाल, आवाज आणि थांबे खटकलेले असतात. म्हणून पटकथेला हात लावण्याआधी एक काम करावं लागतं: मालिकेतलं काय अजिबात हलवायचं नाही, ते शोधून लिहून काढणं.

हे आठवणीवर करू नका, आठवण फसवते. 90 भाग म्हणजे 360 पानं, पानाला सहा चौकटी धरल्या तर दोन हजारांवर चौकटी. सगळी पानं 600 डीपीआयला स्कॅन करा आणि मुख्य पात्राच्या तीनशे तरी चौकटी कापून वेगळ्या करा. मग त्यांचे ढीग लावा: समोरून, पाऊण बाजूनं, पूर्ण बाजूनं, पाठमोरा. पाऊण बाजूचा ढीग सगळ्यात मोठा निघेल आणि एखादा कोन जवळजवळ रिकामा. तो रिकामा ढीग नीट लक्षात ठेवा. चित्रकारानं तो कोन टाळला, कारण त्या कोनातून ते पात्र ‘ते’ राहत नव्हतं. तुम्हीही टाळायचा.

याचं सगळ्यात अभ्यासण्यासारखं उदाहरण म्हणजे चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ मालिका आणि तिच्यावर ब्लू स्काय स्टुडिओनं 2015 साली केलेला चित्रपट. मालिका ऑक्टोबर 1950 ते फेब्रुवारी 2000 चालली, एकूण 17,897 चित्रपट्ट्या, सगळ्या एकाच हातच्या. चित्रपट थ्रीडीत केला, पण मालिकेचा नायक चार्ली ब्राउनचं डोकं मोकळेपणी गोल फिरवलं नाही. शुल्झ यांनी काढलेल्या ठरावीक कोनांमध्येच पात्रं बसवली आणि एका कोनातून दुसऱ्यात जवळजवळ उडी मारून नेली. हालचालही बरीचशी दर दोन फ्रेमला एक पोझ (चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम असतात) अशी ठेवली, म्हणजे ती हातानं काढल्यासारखी दिसावी. थ्रीडीमुळे मिळालेलं स्वातंत्र्य मोठ्या खर्चानं परत काढून घेतलं, असा तो सगळा उद्योग. पैसा आणि शेकडो माणसं असतील तर ते जमतं. तुमच्याकडे ते नाही, मग जे स्वातंत्र्य वापरायचंच नाही त्याचे पैसे कशाला मोजायचे?

ढीग लावताना आणखी एक गोष्ट दिसेल. पहिल्या वर्षीचं पात्र आणि शेवटच्या वर्षीचं पात्र वेगळं असतं. ‘पीनट्स’मधला चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी सुरुवातीला साध्या कुत्र्यासारखा चार पायांवर चालायचा. तुमच्या चित्रकारांचाही हात दोन-तीन वर्षांनी बसला असेल. दोन सलग वर्षं निवडा आणि मॉडेल शीट (पात्र कुठल्या कोनातून कसं दिसतं त्याचा नमुना-तक्ता) फक्त त्यांतून करा. सगळ्या काळातलं चांगलं-चांगलं एकत्र केलं की असं पात्र तयार होतं जे कुठल्याच पानावर नव्हतं.

आता लांबीचा हिशोब. भल्याभल्यांचं गाडं इथेच अडतं. चार पानं, प्रत्येकी सहा चौकटी, म्हणजे भागाला 24 चौकटी. चौकटीला सरासरी साडेतीन सेकंद धरा, एक भाग म्हणजे साधारण 84 सेकंद. 85 मिनिटं भरायला साठ भाग एकापुढे एक लावावे लागतील, आणि तसं केलं तर ते चित्रपटासारखं वाटणार नाही, टीव्हीवर एकामागून एक लागलेल्या जाहिरातींसारखं वाटेल. 62 पानांचे लांब अल्बम असलेल्या टिनटिन या युरोपातल्या चित्रकथेवर 2011 साली चित्रपट झाला, तेव्हाही एका अल्बमवर भागलं नाही, तिघांमधला मजकूर एकत्र करावा लागला. तुमच्याकडे तर चार-चार पानं आहेत. म्हणजे नवी गोष्ट लिहावीच लागणार. जुन्या भागांतून पात्रांची नाती, जागा, सवयी आणि आठ-दहा गाजलेले प्रसंग घ्यायचे, कथानक नवं.

आणि 85 हा आकडा आला कुठून? 74 करा. अकरा मिनिटं कमी म्हणजे 660 सेकंद. त्याची किंमत पुढे आठवड्यांत मांडली आहे.

नवी गोष्ट लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे मुख्य पात्राला ‘प्रवास’ देणं. पटकथेच्या कार्यशाळेत शिकवलेलं असतं की नायक शेवटी बदलला पाहिजे. चित्रकथेतला नायक कधीच बदलत नाही, म्हणून तर लोक दर महिन्याला त्याची वाट पाहतात. भित्रा शेवटी शूर झाला, आळशी शेवटी अभ्यासाला बसला, की जुना वाचक उठून जातो. बदल शेजारच्या पात्रात घडवा आणि नायकाला त्याच्या स्वभावासकट त्या बदलाचं कारण करा. दुसरा मार्ग आहे दृष्टिकोन हलवण्याचा. ‘स्लॅम डंक’ ही बास्केटबॉलवरची जपानी मालिका 1990 ते 1996 चालली. तिचे कर्ते ताकेहिको इनोउए यांनी 2022 साली स्वतःच लेखन-दिग्दर्शन करून चित्रपट केला. सामना तोच घेतला जो वाचकांना तोंडपाठ होता, पण मालिकेचा नायक साकुरागी याला मध्यभागी न ठेवता संघातल्या मियागीच्या बाजूनं सांगितला. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहण्यासारखी झाली आणि नायकाच्या स्वभावाला धक्काही लागला नाही. तुमच्या मालिकेत असं दुसऱ्या फळीतलं एखादं पात्र नक्की असेल.

न दाखवलेल्या गोष्टींचाही विचार करा. ‘पीनट्स’च्या छापील मालिकेत चार्ली ब्राउनला आवडणाऱ्या लाल केसांच्या मुलीचा चेहरा शुल्झ यांनी कधी दाखवला नाही, चित्रपटात ती समोर आली. काहींना ते आवडलं, काहींना अजून पटलेलं नाही. माझं मत विचाराल तर, जे मूळ कर्त्यानं मुद्दाम झाकलं ते उघडायला फार सबळ कारण लागतं. पात्राचं आडनाव, गावाचं नाव, वडील कुठे नोकरी करतात, असलं काही तुमच्या मालिकेत कधीच आलं नसेल तर ते चित्रपटातही येऊ देऊ नका.

आता चित्राकडे. जुनी पानं पिवळी पडलेली असतात, आणि वाचकाला आठवतात ते रंग त्या पिवळ्या कागदावरचेच. स्वस्त कागदावर शाई पसरते, रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसलेले नसतात, रेषेबाहेर लाल रंग मिलिमीटरभर सरकलेला असतो. तोच हिरवा थेट पडद्यावर घेतला की भडक दिसतो, जत्रेतल्या प्लास्टिकच्या पोपटासारखा. वीस-पंचवीस चांगली पानं निवडा, प्रत्येक पात्राच्या कपड्याचा रंग सगळ्या पानांवरून उचला आणि मधला धरा. पांढरा म्हणून शुद्ध पांढरा कुठेच वापरू नका, हलका साईसारखा घ्या. सगळ्या चित्रपटाला मिळून तीस-चाळीस मूळ रंग पुरतात; संध्याकाळ आणि रात्र यांसाठी त्यांच्याच वेगळ्या छटा करून ठेवा. छपाईचे ठिपके आणि सरकलेले रंग मुद्दाम दाखवायची फॅशन 2018च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटानंतर सगळीकडे आली. त्या चित्रपटाचा विषयच कॉमिकचं जग हा होता, म्हणून तिथे ते शोभलं. तुमच्याकडे शीर्षकांपुरतं ठेवा, 74 मिनिटं ठिपके पाहून डोळे शिणतात.

रेषेचं एक गणित बहुतेकांना उशिरा कळतं. कट-आउटचं पात्र एकदा काढून क्लोज-अपला मोठं केलं की रेषाही जाड होते, आणि लांबच्या दृश्यात लहान केलं की केसासारखी बारीक. छापील चौकटीत तसं होत नाही, चित्रकाराचं निब तेच असतं. म्हणून प्रत्येक मुख्य पात्र तीन मापांत काढा: पूर्ण आकृती, कमरेपर्यंत, आणि फक्त चेहरा. प्रत्येकाची रेषा त्या-त्या मापाला बेतून घ्या. कोपर आणि गुडघ्याच्या सांध्यावर दोन तुकड्यांच्या रेषा एकमेकींना छेदतात, तिथे बिनरेषेचा रंगाचा तुकडा वर ठेवून सांधा झाका. एका मुख्य पात्रासाठी डोक्याचे पाच कोन, तोंडाचे आठ-नऊ आकार, हातांचे दहा-बारा पंजे आणि पापण्यांचे पाच-सहा आकार लागतात. हे सगळं नीट बसवायला एका माणसाला तीन-चार आठवडे जातात. घाई करून आठवड्यात उरकलेला रिग (हलवता येईल असं तुकडे जोडून तयार केलेलं पात्र) पुढे प्रत्येक शॉटला रडवतो.

केसांचा भांग, गालावरचा तीळ, शर्टाचा खिसा या गोष्टी पानावर बाजू बदलत असतात. पात्र डावीकडे पाहत असो की उजवीकडे, झुलूप आपल्याकडेच दिसतं. स्थिर चित्रात कुणाच्या ध्यानात येत नाही, पण मान वळताना ते झुलूप डोक्यावरून सरकत गेलेलं दिसतं. उपाय: मान वळण्याच्या मधल्या पोझ काढूच नका. एक-दोन फ्रेमचा फराटा द्या आणि थेट पलीकडची पोझ. तसंच मोठ्या डोक्याच्या आणि आखूड हातांच्या पात्राचं. त्याचे हात डोक्याच्या वर पोचत नाहीत. टोपी घालणं, केस विंचरणं, डोक्यावर पाटी घेणं, हे पटकथेत लिहिण्याआधी मॉडेल शीटवर करून पाहा. नाहीतर त्या चार सेकंदांपुरते हात रबरासारखे लांबवावे लागतात.

उंचीही पानावर चौकटीच्या सोयीनं बदलते. सगळी पात्रं एका ओळीत उभी करून, डोक्याच्या मापात, उंचीचा तक्ता पक्का करा: मुलगा अडीच डोकी, आई पाच, मास्तर साडेपाच. त्याच तक्त्यात दाराची कडी, स्वयंपाकघराचा ओटा, सायकलची सीट यांच्या रेघा मारा. पार्श्वभूमीचंही तेच. पानावर निम्म्या चौकटींच्या मागे नुसता रंग असतो, पडद्यावर तो चालत नाही. प्रत्येक जागेचा वरून पाहिलेला नकाशा काढा, खिडकी कुठे, दार कुठे, उजेड कुठून. पंचवीसच्या वर जागा होऊ देऊ नका. आणि चौकट उभी असते, पडदा आडवा. बुटक्या पात्रांना फार रुंद पडदा मानवत नाही, दोन्ही बाजूंना नुसती भिंत उरते. 1.85 च्या प्रमाणात, म्हणजे उंचीच्या 1.85 पट रुंदी, काम करा.

हालचालीबद्दल एकच गोष्ट सांगायची तर, चित्रकाराची चौकट हा हालचालीचा कळस असतो. पाय घसरलाय, हातातली किटली उडालीये, नेमका तो क्षण. नवखा अ‍ॅनिमेटर हालचाल ‘सहज’ करण्याच्या नादात त्या पोझमधून दोन फ्रेममध्ये निघून जातो, आणि ज्या चित्रासाठी प्रेक्षक आलाय ते त्याला दिसतच नाही. त्या पोझवर आठ ते बारा फ्रेम थांबा. आधीची तयारी आणि नंतरचं सावरणं हे तुम्ही रचायचं, मधलं चित्र मूळ चित्रकाराचं. विनोदाच्या शेवटच्या चौकटीआधी वाचक नकळत जो दम घेतो, त्याला पडद्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदाचा, म्हणजे 12 ते 18 फ्रेमचा थांबा लागतो. संकलनात सगळ्यात आधी हेच थांबे कापले जातात, आणि मग सगळे म्हणतात, ‘पानावर हसू यायचं, इथे का येत नाही?’ घामाचे थेंब, डोक्याभोवतीचे तारे, वेगाच्या रेघा वापरायच्या का, ते एकदाच ठरवा. वापरल्या तर पहिल्या दोन मिनिटांतच दाखवून टाका. चाळिसाव्या मिनिटाला अचानक आलेले तारे चूक वाटतात.

फुग्यांमधले संवाद उचलून नटांना देऊ नका. तेव्हाच्या बालमासिकांची भाषा पुष्कळदा ग्रांथिक असायची: ‘अरे थांब! तू इतक्या घाईने कोठे निघाला आहेस?’ वाचताना खटकत नाही. ऐकताना शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक वाटतं. ‘ए थांब, कुठे चाललास?’ एवढं पुरे. बोलताना आपण सेकंदाला दोन-अडीच शब्द बोलतो, म्हणजे पंचवीस शब्दांचा फुगा दहा-बारा सेकंद खातो, आणि खाली चित्रात चेहऱ्यावर भाव एकच. निम्मं कापा, उरलेलं दोन पात्रांत वाटा. ‘इकडे काय झाले…’, ‘तेवढ्यात…’ या पट्ट्या सगळ्या काढून टाका, ते काम आता कट करतो. तकियाकलाम मात्र जसाच्या तसा ठेवा, पण सबंध चित्रपटात चार-पाच वेळाच. दर महिन्याला एकदा ऐकलेलं वाक्य तासाभरात पंधरा वेळा ऐकलं की कान किटतात.

बोली कुठली, हे चित्रकथेत लपून जातं आणि आवाज आला की लपत नाही. नायक आजीला ‘अगं आजी’ म्हणतो की ‘अहो आजी’, मित्राला ‘अरे’ म्हणतो की ‘काय बे’, यावरून गाव ठरतं. मालिकेत गाव सांगितलेलं नसेल तर एक प्रदेश मनाशी पक्का करा आणि सगळ्या नटांना तोच द्या. गावाचं नाव घ्यायची गरज नाही. काळाचंही असंच. माझा कौल 80च्या दशकाला. ‘पीनट्स’च्या चित्रपटातही स्नूपी 2015 साली टाइपरायटरच बडवत होता आणि मुलांना ते समजावून सांगावं लागलं नाही. नायकाच्या हातात मोबाइल दिलात की मालिकेतले निम्मे गोंधळ आपोआप सुटतात, कारण त्यांतले बरेचसे निरोप न पोचल्यामुळे झालेले असतात.

मुलांचे आवाज मुलांकडूनच करून घ्या. मोठ्या बाईनं काढलेला मुलाचा आवाज टीव्हीवर खपतो, दीड तासाला पुरत नाही. वय नऊ ते अकरा. बारानंतर मुलाचा आवाज कधीही फुटतो, त्यामुळे सगळं ध्वनिमुद्रण दोन-तीन महिन्यांत उरका आणि लगेच दोन-तीन पर्यायी टेक घेऊन ठेवा. एक बैठक दोन तासांची, त्यापुढे मूल कंटाळतं आणि ते आवाजात उतरतं. ध्वनिमुद्रण अ‍ॅनिमेशनच्या आधी. ओठ जुळवताना प, फ, ब, भ, म या अक्षरांना तोंड निदान दोन फ्रेम पूर्ण मिटलं पाहिजे, आणि तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आला पाहिजे. ही मिटलेली तोंडं सांभाळली तर बाकीची ढिलाई खपून जाते.

आता माणसं आणि आठवडे. सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबानं 85 मिनिटं म्हणजे 1,22,400 फ्रेम. दोन फ्रेमला एक चित्र काढलं तरी 61,200 चित्रं, आणि ती एका पात्राची. चित्रपटाच्या दर्जाचं पूर्ण हातानं काढलेलं काम एका अ‍ॅनिमेटरकडून आठवड्याला तीन ते पाच सेकंद निघतं. 5,100 सेकंदांना साधारण 1,275 आठवडे, चार अ‍ॅनिमेटर असतील तर सहा वर्षं. चांगल्या रिगवर कट-आउटचा वेग आठवड्याला 20 ते 30 सेकंद पडतो. तोच चित्रपट 204 आठवड्यांत, चौघांत 51 आठवडे, आणि दुरुस्त्यांसाठी पाव भाग वाढवला तर सव्वा वर्ष. 74 मिनिटं केलीत तर त्यातले 26 अ‍ॅनिमेटर-आठवडे वाचतात. ते हातानं काढायच्या दृश्यांना द्या, त्यात शंभर-सव्वाशे सेकंद होतात. हे आकडे माणसांच्या हातावर अवलंबून आहेत, म्हणून तुमच्या टीमचा खरा वेग शेवटी सांगितलेल्या 30 सेकंदांच्या चाचणीवर मोजा आणि तोच धरा. याच्या आधी पटकथा, स्टोरीबोर्ड (शॉटवार काढलेली कच्ची चित्रं) आणि अ‍ॅनिमॅटिकला (तीच चित्रं आवाजासह वेळेनुसार लावलेला कच्चा चित्रपट) आठ-दहा महिने वेगळे. चार सेकंदांचा सरासरी शॉट धरला तर 74 मिनिटांत अकराशेच्या वर शॉट होतात, आणि शॉटला तीन-चार चित्रं म्हणजे चार हजारांच्या आसपास स्टोरीबोर्डची चित्रं.

एक तांत्रिक खबरदारी पहिल्याच दिवशी घ्या. तुमचं जाहिरातींचं काम 25 फ्रेमवर होत असेल, चित्रपटगृहासाठी 24 लागतात. शेवटी बदललं तर सगळं चार टक्के मंदावतं, आवाज खाली उतरतो आणि जुळवलेले थांबे बिघडतात. प्रकल्प उघडतानाच 24 ठेवा आणि चौकट 1998 बाय 1080.

हक्कांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, ‘मासिक बंद पडल्यामुळे अडचण नसावी’. मोठी अडचण आहे, आणि इथे शेवटी आली असली तरी हे काम सगळ्यात आधी करायचं. भारतीय कायद्यात प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. चित्रकार गेले असले तरी चित्रांचे हक्क कुणाकडे तरी आहेत, आणि लेखकाचे वेगळे आहेत. दोन्हीकडून सही लागते. मासिक बंद झाल्यानं हक्क मोकळे होत नाहीत. ते दोघं मासिकाचे पगारी नोकर होते की भागागणिक मानधन घ्यायचे, हे शोधा. नोकर असले तरी, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकाच्या मालकाचा हक्क नियतकालिकांत छापण्यापुरताच असतो, बाकीचे कर्त्याकडेच राहतात. म्हणजे चित्रपटाचे हक्क बहुधा लेखक आणि चित्रकाराचे वारस यांच्याकडे असतील. पण मासिकाच्या मालकाकडूनही ‘आमचा दावा नाही’ असं पत्र घ्या.

करार लेखीच हवा, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात, कारण मौनाचा अर्थ कायदा तुमच्या विरुद्ध लावतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, मग अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात खेळ लावायचा म्हटलं तरी अडतं. मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, ते संपल्याचं मानलं जातं. अ‍ॅनिमेशनला तयारीसकट दोन वर्षं तरी लागतात, तेव्हा हे कलम नावानिशी बाजूला ठेवून घ्या. माध्यमंही मोजून लिहा: चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, ओटीटी, खेळणी, पुस्तकं. वारस दोन-तीन असतील तर सगळ्यांच्या सह्या, परदेशातल्या भाच्याचीसुद्धा. सुरुवातीला पूर्ण हक्क विकत घेऊ नका. थोडी रक्कम देऊन दीड-दोन वर्षांचा राखीव करार करा आणि तेवढ्यात निधी जमतो का पाहा. वकील प्रताधिकाराचं काम करणारा घ्या, जमिनीच्या व्यवहारांचा नको.

आणि वारसांना आधी भेटा, काम दाखवायला नंतर जा. अ‍ॅस्टेरिक्सचा पहिला चित्रपट 1967 साली या फ्रेंच चित्रकथेचे लेखक गोसिनी आणि चित्रकार उदेर्झो यांच्या नकळत तयार झाला होता, आणि तयार झालेला पाहून दोघंही नाराज झाले. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटात ते स्वतः उतरले. तुमच्याकडे कायद्यानं सगळं बरोबर असलं तरी, कृतीचं विद्रूपीकरण झालं म्हणून आक्षेप घ्यायचा हक्क कर्त्याला आणि त्याच्या वारसांना राहतोच. शिवाय मूळ चित्रं, शाईची, न छापलेली, त्यांच्याच कपाटात असतात. पानांवरून स्कॅन केलेली रेषा आणि मूळ कागदावरची रेषा यांत फार फरक पडतो.

तेव्हा क्रम असा: वारस आणि राखीव करार, मग तीनशे चौकटींचे ढीग, मग एका पात्राचा एक रिग, आणि त्याच्यावर 30 सेकंदांची चाचणी. त्यात पात्र चालावं, मान वळवावी, एक वाक्य बोलावं आणि मालिकेतला एक गाजलेला प्रसंग करावा. टूडी-थ्रीडीचा वाद, बोली, थांबे, रेषेची जाडी, सगळं या 30 सेकंदांत उघडं पडतं, आणि दीड-दोन महिन्यांच्या खर्चात.

चाचणी कुणाला दाखवायची हेही महत्त्वाचं. जुन्या वाचकांना एकदाच दाखवा आणि फक्त एक विचारा, ‘काय खटकलं?’ सूचना मागू नका, त्या शंभर येतील. तीनपेक्षा जास्त जणांनी एकच गोष्ट सांगितली तर ती दुरुस्त करा. पुढे अ‍ॅनिमॅटिक तयार झाल्यावर मात्र आठ ते दहा वर्षांची दहा-बारा मुलं बसवा, ज्यांनी हे मासिक पाहिलेलंही नाही. पालक बाहेर. आवडलं का म्हणून विचारायचं नाही, मुलं भिडेनं हो म्हणतात. घड्याळ आणि कागद घेऊन मागे बसा आणि कुठल्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली, कुठे कुणी पाणी प्यायला उठलं, ते लिहून ठेवा. जिथे तीन मुलं एकदम हलली, तिथे बहुतेक वेळा असा प्रसंग सापडतो जो तुम्ही केवळ तुम्हाला लहानपणी आवडला होता म्हणून ठेवलाय. अ‍ॅनिमॅटिकवर तो कापायला एक दुपार लागते, अ‍ॅनिमेशन झाल्यावर कापला तर दोन माणसांचे दोन महिने वाया जातात.